उकडीचा अंदाज

आमच्या घरात हवामानाला आणि स्वयंपाकाला एकच क्रियापद पुरत असे: उकडणं. बटाटे उकडत, रताळी उकडत, आणि एप्रिल संपता संपता आम्ही तिघंही उकडत असू. आई पदराने मान पुसत म्हणायची, "काय उकडतंय गं बाई आज," आणि बरेचदा त्याच दमात, "चल, उकडच करते, कोण पोळ्या लाटणार." त्यामुळे वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत माझी पक्की समजूत होती की उकड हा मुळात हवामानाचाच एक प्रकार आहे आणि आमच्याकडे तो ताटलीतही वाढतात. पुण्यातल्या मुलाचा शब्द चुकला तर गल्लीतले दहा जण हसून सुधारतात. दिल्लीच्या सरकारी क्वार्टर्समध्ये मला मराठी चुकायची पूर्ण मोकळीक होती, कारण ऐकणारे दोघंच, आणि तेही माझेच आईबाप. बाकी सगळं जग हिंदीत चालायचं. घराचा उंबरा ओलांडला की मी 'नंदू'ची 'नंदिनी बेटा' व्हायचे आणि उकाड्याची उमस व्हायची.

उकड करायला आईला पाव तास लागे. लोखंडी कढईत तेल, मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची. आंबट ताकात तांदळाचं पीठ कालवून त्यात ओतायचं आणि मग हात थांबवायचा नाही. थांबला की गाठी होतात आणि खाली लागतं. शेवटी झाकण ठेवून एक वाफ, वाढताना वरून कच्च्या तेलाची धार. इतका सोपा पदार्थ, पण दिल्लीत त्याच्या पिठासाठी युद्ध करावं लागे. आई तांदूळ धुऊन, वाळवून चक्कीवर न्यायची, आणि चक्कीवाला दर खेपेस विचारायचा, "भाभीजी, चावल का आटा? इसकी रोटी कैसे बनेगी?" आई म्हणायची, "रोटी नहीं बनेगी." मग त्याच्या चेहऱ्यावर जी दया उमटे ती मला अजून आठवते. शिवाय तो आधीच्या गव्हाचं पीठ पुरतं झाडत नसे, त्यामुळे आमची उकड कायम किंचित तांबूस असायची. मी पांढरीशुभ्र उकड पहिल्यांदा खाल्ली ती लग्नानंतर, आणि मला ती फसवी वाटली.

बाबा, म्हणजे दामले साब, शहराच्या कडेच्या एका छोट्या हवाई मैदानावरच्या हवामान-खोलीत कामाला होते. तिथे तरुण मुलं लहान विमानं उडवायला शिकत. बाबा तापमान, दाब, वाऱ्याची दिशा टिपायचे, नकाशावर भरायचे आणि नकाशा लाकडी फळीच्या आडोशापलीकडच्या टेबलावर नेऊन ठेवायचे. त्या टेबलावर बसणारा माणूस अंदाज लिहायचा. बाबांनी सात वर्षं त्या टेबलावर नकाशे ठेवले होते, बसले एकदाही नव्हते. धुळीची आंधी कधी येणार हे त्यांना टेबलावरच्या माणसापेक्षा आधी कळतं, असं त्यांचे सहकारी, गुप्ता अंकल, आमच्याकडे चहा पिताना दर वेळी म्हणायचे. बाबा हसून बशी पुढे सरकवायचे. पण त्यांची एक खासगी वही होती. रोज सकाळी डाव्या बाजूला 'अंदाज' लिहायचे, संध्याकाळी उजव्या बाजूला 'झालं'. दोन्ही जुळलं नाही तर खाली एक शब्द: 'चुकलं'. कारण नाही, सबब नाही, उद्गारचिन्हसुद्धा नाही. मी पुढे तेहतीस वर्षं सरकारी नोकरी केली, हजारो फायली पाहिल्या. तो शब्द एकाही फायलीत दिसला नाही.

आईचं खातं स्वप्नांचं. सकाळी चहाबरोबर ती रात्रीचं स्वप्न सांगायची, आणि तिची स्वप्नं फार ऐसपैस असत. एकदा शेजारच्या सरदारजींच्या पगडीतून तिला कोथिंबिरीची जुडी निवडून मिळाली होती. एकदा ती सायकलवरून पानिपतला गेली, तर तिथे लढाईच्या जागी सगळे घोंगड्या वाळत घालत होते आणि तिला म्हणाले, बाई, उशीर केलात. बाबा हे सगळं वर्तमानपत्राआडून ऐकायचे आणि निकाल द्यायचे, "काल रात्री राजमा खाल्लास, हे त्याचं." त्यांच्या मते स्वप्न म्हणजे न पचलेली उसळ, त्यापलीकडे काही नाही. आई म्हणायची, "तुम्हाला पडत नाहीत म्हणून जळता."

त्या उन्हाळ्यात एके सकाळी मी उकड ढवळत स्टुलावर उभी होते आणि बाबा मागून येऊन कढईत वाकून बघत राहिले. पिठाच्या पृष्ठभागावर फुगे येत होते, फट् करून फुटत होते. "नंदू, बघ," ते म्हणाले, "आकाशही असंच शिजतं. जमीन म्हणजे ही कढई. खालून तापते, तापली की हवा वर जायला बघते. वर एक झाकण असतं, दिसत नाही, पण असतं. दिवसभर ते दाबून धरतं. आणि मग एका क्षणी झाकण उडतं." मी क्षणभर झाकण ठेवून उचललं. वाफेने माझा चेहरा ओला झाला. "मग?" "मग आंधी." आई म्हणाली, "अहो, तिला ढवळू द्या, तुमच्या आकाशाच्या नादात खाली लागेल." त्या दिवसापासून मी आकाशाकडे कढईसारखं बघायला लागले. खरं सांगायचं तर आजही बघते.

मे महिन्याच्या शेवटी बाबांना लू लागली. मैदानावर उघड्यावर काम, टोपी विसरले होते. दोन दिवस ताप उतरेना. घरभर ओल्या कापडाचा आणि कैरीच्या पन्ह्याचा वास. खिडकीतला वाळ्याचा पडदा मी तासातासाला पाणी मारून भिजवायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी आई दवाखान्यातून औषध आणायला गेली आणि मला सांगून गेली, "कपाळावरची पट्टी बदलत राहा. बाबा काही बोलले तर नुसतं हो म्हण." ती गेली आणि दहा मिनिटांत गुप्ता अंकलची स्कूटर दारात.

गुप्ता अंकल घामाने निथळत होते. त्या संध्याकाळी मैदानावर मोठा कार्यक्रम होता. कोणी बडे पाहुणे येणार होते, मांडव घातला होता, खुर्च्यांना पांढरे अभ्रे चढवले होते, आणि शिकाऊ मुलं सहा विमानं एका रांगेत उडवून दाखवणार होती. टेबलावरचा माणूस म्हणत होता, आकाश निरभ्र. पण मैदानाचे बडे साहेब अस्वस्थ होते. मुलं नवखी होती, आंधीत सापडली तर लहान विमान कागदासारखं उलटतं. आणि साहेबांनी सगळ्यांच्या नकळत गुप्तांना पिटाळलं होतं: दामले से पूछ के आओ.

"बेटा, पापा सो रहे हैं?"

"बुखार है."

"बस एक बात पूछनी है. शाम को मौसम कैसा रहेगा. मेरी तो सुनेंगे नहीं, तू पूछ अपनी मराठी में."

मी बाबांच्या कानाशी वाकले. "बाबा, गुप्ता अंकल विचारताहेत, संध्याकाळी काय?"

बाबांचे डोळे मिटलेले. ओठ हलले. "संध्याकाळी... उकड."

"शाम को उमस," मी सांगितलं.

"कितने बजे? पूछ, कितने बजे?"

"बाबा, किती वाजता?"

"पाच वाजता," बाबा म्हणाले, अगदी स्पष्ट. मग कपाळाला आठ्या घालून, "ढवळ. खालून लागतंय. झाकण... झाकण उडेल."

मी ताठ उभी राहिले. "पाँच बजे. नीचे से गरम होके ऊपर आएगा. ढक्कन उड़ जाएगा."

"ढक्कन?" गुप्ता अंकल बघतच राहिले. "ढक्कन क्या बेटा?"

आणि मी म्हणाले, "आंधी. पाँच बजे आंधी आएगी."

तो शब्द माझा होता. बाबा तो म्हणाले नव्हते. मला त्या क्षणी ठाऊक होतं का, की तापातला माणूस खायला मागतोय? या प्रश्नाभोवती मी आयुष्यभर फिरले आहे. उकड म्हणजे उमस, ही समजूत खरीच होती माझी. पण कुठेतरी आत, एका कोपऱ्यात, लसणाच्या फोडणीचा वासही आला होता हे नाकारता येत नाही. एक मोठा माणूस घाम पुसत माझ्या तोंडाकडे बघत होता, माझ्या एका शब्दासाठी थांबला होता, आणि दहा वर्षांच्या मुलीला तसं पुन्हा कधी मिळेल याची खात्री नव्हती. एवढंच सांगते. गुप्ता अंकल "शाबाश" म्हणून स्कूटरला किक मारून गेलेसुद्धा.

आई आल्यावर मी तिला काही सांगितलं नाही. दुपारभर मी अंगणात जाऊन आकाश बघत होते. काहीही नव्हतं. पांढरं, तापलेलं, कोरडं आकाश, इस्त्री केलेल्या चादरीसारखं. तीन वाजले. चार वाजले. मला आता कळत होतं की मी काय केलंय. कडुनिंबाचं पान हलत नव्हतं. साडेचारला मी मनात म्हणाले की थोडीशी, अगदी लहानशी येऊ दे, आणि हे कोणाला म्हणतेय ते न कळून घाबरले.

पाच वाजून गेले आणि घारी दिसल्या. दहा-बारा, मग पंचवीस-तीस, सगळ्या पश्चिमेकडून आमच्याकडे येत होत्या, पंख न हलवता, ओढल्यासारख्या. पक्ष्यांचा नेहमीचा कलकलाट एकदम थांबला. मग उजेडाचा रंग बदलला. हे मला नीट सांगता यायला हवं, कारण त्यासाठीच मी हे लिहायला बसले आहे, आणि तरी दर वेळी शब्द कमी पडतात. आधी भिंती पिवळ्या झाल्या, मग माझे हात. हळदीचे हात. मी गच्चीच्या जिन्यावर धावले आणि पश्चिमेला पाहिलं तर तिथे क्षितिज नव्हतं. तिथे एक डोंगर होता. तांब्याच्या रंगाचा, दिल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि तो चालत होता. आवाज अजिबात नव्हता. एवढी मोठी वस्तू आवाज न करता चालू शकते, हे बघून मी जिन्याच्या पायरीवर खालीच बसले. पाण्याची टाकी होती, ती गेली. मग शाळेची इमारत गेली. मग रस्त्यापलीकडचं शिरीषाचं झाड गेलं, आणि मग एकदम सगळा आवाज एकाच वेळी आला, पत्रे, दारं, कुत्री, कुणाच्या तरी हाका, आणि माती माझ्या दातांत होती.

"नंदे! मेलीस का तिथे! खाली ये!" आईने मला दंडाला धरून आत ओढलं. भर दिवसा घरात काळोख. आम्ही दोघी मिळून खिडकी लोटत होतो, आणि मागून खाटेवरून आवाज आला, तीन दिवसांतला पहिला शहाणा आवाज: "किती वाजले?"

आईने घड्याळ डोळ्यांशी नेलं. "सव्वापाच. पडून राहा हो तुम्ही."

बाबा कोपरावर रेलून त्या काळोखाकडे बघत होते, ताप उतरलेला, केस कपाळाला चिकटलेले, चेहऱ्यावर एखाद्या लहान मुलासारखा आनंद. "काय आलीय," ते म्हणाले. "काय सुंदर आलीय." मराठीत आंधीला वादळ म्हणतात, पण आमच्या घरात आंधीला आंधीच म्हणत. बाबा म्हणायचे, वादळ समुद्रातून येतं, ही बाई वाळवंटातून येते, तिला तिच्या नावाने बोलवावं.

चार दिवसांनी गुप्ता अंकल बर्फीचा डबा घेऊन आले. मांडव उडून दोन शेतांपलीकडे पडला होता, खुर्च्या नाल्यात सापडल्या, पण विमानं सकाळपासून दोर बांधून जमिनीला जखडलेली होती आणि मुलं वसतिगृहात पत्ते खेळत होती. पाहुण्यांना आधीच कळवलं होतं. बडे साहेब खूश होते. शनिवारी मैदानावर सत्कार, शाल, श्रीफळ. आणि, इथे गुप्ता अंकलनी आवाज खाली आणला, "टेबल भी. साहब ने कहा, अब से अंदाज़ा दामले लिखेगा."

"पण मी कधी सांगितलं?" बाबा मराठीतच म्हणाले, मग हिंदीत.

"अरे, बुखार में! बेटी ने बताया ना!"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. गुप्ता अंकलना दारापर्यंत पोहोचवून आले. मग समोर बसवून म्हणाले, "मी काय म्हणालो होतो? शब्दन् शब्द सांग."

मी सांगितला. शेवटचा शब्द माझा होता, तेही सांगितलं. मग आईला हसू फुटलं. ती स्वयंपाकघराच्या दारात खाली बसली आणि पदर तोंडात कोंबून हसत राहिली. बाबांना हळूहळू आठवत होतं. त्यांना स्वप्न पडलं होतं. धावपट्टीएवढी कढई, ते स्वतः वल्ह्याने उकड ढवळताहेत, आणि भोवती सहा विमानं वाट्या घेऊन रांगेत उभी. "आणि झाकण?" आईने विचारलं. "झाकण म्हणजे आभाळ. ते मला धरवेना." बाबा ओशाळून म्हणाले. आयुष्यात त्यांनी कबूल केलेलं ते पहिलं स्वप्न. आई पुन्हा हसायला लागली आणि मध्येच थांबली, कारण तिला टेबल आठवलं.

"अहो, सांगायचं कशाला कोणाला? आंधी आली ना?"

"आली. मी सांगितली नव्हती."

"सात वर्षं त्या टेबलाकडे बघताय. एरवी तुम्हीच बरोबर असता. एकदा देवाने नाश्त्याच्या निमित्ताने दिलं, तर घ्या की."

"एरवी बरोबर असतो म्हणून दिलं असतं तर घेतलं असतं," बाबा म्हणाले. "हे त्या दिवसासाठी देताहेत. पुढच्या खेपेला तो साहेब माझ्या शब्दावर पोरांना वर पाठवणार. त्याला वाटणार, हा तापात झोपून आकाश वाचतो. मग मी काय करू, उकड खाऊन झोपू?"

आई उठून आत गेली. त्या रात्री भांडी जरा जोरात घासली गेली.

शनिवारी आम्ही तिघं गेलो. नवा मांडव, नवे अभ्रे, झेंडूच्या माळा, आणि अंथरलेल्या लाल गालिच्यावर त्याच आंधीची माती, कुणी झटकायचं विसरलेलं. बडे साहेब बराच वेळ बोलले. विज्ञान, कर्तव्य, भारतीय ऋषींची दिव्यदृष्टी, असं सगळं त्यात आलं. "हमारे दामले जी तेज़ बुखार में भी आकाश को पढ़ते रहे," ते म्हणाले, आणि टाळ्या झाल्या. मी खुर्चीत आकसून बसले होते. बाबा सगळ्यांसमोर काय सांगणार ते मला माहीत होतं, आणि त्यात माझं नाव येणार हेही.

बाबांनी शाल घेतली नाही, आधी माइक घेतला. "सर, मैं उस दिन आकाश नहीं पढ़ रहा था," ते म्हणाले. "मैं नाश्ता माँग रहा था."

कुणालाच कळेना. मग त्यांनी उकड समजावून सांगितली. छाछ, चावल का आटा, लहसुन. नीचे लगती है, चलाते रहना पड़ता है, ढक्कन रखना पड़ता है. मागच्या रांगेतल्या शिकाऊ मुलांमध्ये खसखस पिकली, मग मांडवभर. बडे साहेबांचा चेहरा झेंडूच्या रंगाचा झाला. बाबा हसू ओसरेपर्यंत थांबले. "मेरी बेटी ने तर्जुमा ठीक किया. हमारी भाषा में गरमी और यह नाश्ता पड़ोसी हैं, एक ही दीवार है बीच में. गलती किसी की है तो मेरी, बुखार में बोलना नहीं चाहिए."

"लेकिन दामले, आंधी तो आई!" साहेब जवळजवळ ओरडले.

"जी, आई," बाबा म्हणाले. "शाल उसको दीजिए."

मी त्यानंतर पुष्कळ व्यासपीठं पाहिली, काहींवर मला बसायलाही लागलं. मोठमोठी माणसं मोठमोठ्या आवाजात बोलताना ऐकली आणि बहुतेक वेळा मला घड्याळाकडे बघावंसं वाटलं. पण एखादा बारीक माणूस, इस्त्री मोडलेल्या बुशशर्टात, सात वर्षांची इच्छा हातात आलेली असताना ती अशी सहज खाली ठेवतो, जसा भरलेला पेला दुसऱ्याचा आहे हे कळल्यावर ठेवावा, हे मी एकदाच पाहिलं. ताम्रवर्णी डोंगराने मला खाली बसवलं होतं. या वेळी मी नकळत उभी राहिले. आईने मला खाली ओढलं नाही. तीही उभी होती.

टेबल दुसऱ्याला मिळालं. बाबांना ते मिळालं निवृत्तीला दोन वर्षं असताना, ज्येष्ठतेने, शालीशिवाय. मधल्या काळात मात्र बडे साहेब दर उन्हाळ्यात फळीच्या आडोशावरून डोकावून विचारायचे, "दामले, आज नाश्ते में क्या है?" आणि बाबा नकाशा पाहून उत्तर द्यायचे. गुप्ता अंकल सांगायचे की साहेब चेष्टा करत असल्याचं दाखवायचे, पण उत्तर ऐकल्याशिवाय जायचे नाहीत.

मी आता गुरुग्रामला सतराव्या मजल्यावर राहते. इथून आंधी फार लांबून दिसते, आणि तीही हल्ली क्वचितच तशी येते. माझ्या नातीच्या फोनवर दर तासाचं हवामान असतं. काल त्यावर रात्री नऊपर्यंत निरभ्र आकाश होतं आणि बाहेर धो धो पाऊस. "आजी, यह तो बदल गया!" ती म्हणाली. खरंच, तोवर फोनने आपला अंदाज गुपचूप बदलून पावसाचं चित्र लावलं होतं, जणू पहिल्यापासून तेच होतं. मी तिला बाबांची वही काढून दाखवली. तिला मराठी अक्षरं लावून लावून वाचावी लागतात, म्हणून आंधीच्या दिवसाचं पान तिने बोट ठेवून मोठ्याने वाचलं. सत्काराहून घरी आल्यावर, आईने न बोलता पुढे ठेवलेली उकड खाऊन झाल्यावर, बाबांनी ते मागचं कोरं राहिलेलं पान भरलं होतं.

अंदाज: नव्हता.

झालं: आंधी, सव्वापाचला. फार सुंदर.

आणि खाली, जिथे 'चुकलं' लिहायची जागा, तिथे बारीक अक्षरात: उकड मात्र मिळाली नाही.